शाओ काकूंचं काढ्याचं मडकं

काढ्याचं मडकं मागून आणावं, पण परत द्यायला जाऊ नये. आमच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नसे, सगळ्यांना माहीतच असायचं. मडकं घेऊन कुणाच्या दारात गेलं की दुखणंही त्या घरात शिरतं, म्हणून ज्या घरात शेवटचं आजारपण झालं तिथेच ते पडून राहायचं. पुढच्याला लागलं की तो येऊन घेऊन जायचा. ज्याचं मडकं, त्यालाही लागलं तर स्वतःच यावं लागे. नवं विकत आणावं असं कुणाच्या मनातही येत नसे. धडधाकट घरात काढ्याचं मडकं आणून ठेवायचं म्हणजे आजारपणाला आमंत्रणच की.

आमच्या गल्लीत अकरा घरं होती आणि मडकं एकच. ते शाओ काकूंचं, त्यांच्या सासूच्या वेळचं. करड्या मातीचं, छोटी चोच, एका बाजूला पोकळ दांडा. झाकणाची मूठ कधीतरी तुटली होती, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती. आत इतकी वर्षं इतक्या लोकांचे काढे उकळले होते की नुसतं गरम पाणी घातलं तरी त्याला कडवट वास यायचा.

मी ते मागून आणलं तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझी मुलगी जुआन चार वर्षांची होती. नवरा लू मालाच्या बोटीवर, महिना महिना नदीवर असायचा. उपासमारीची वर्षं नुकतीच सरली होती, त्या वर्षी भात बरा आला होता, तरी आम्ही अजून निम्मं पोट रताळ्यावर भरत होतो. जुआनचं पोट रताळ्यांनी फुगलं. हात लावला तर ढोलकीसारखं टणक. खाल्लेलं तसंच बाहेर यायचं, आणि रात्रभर कण्हायची.

शाओ काकू विधवा होत्या. मुलगा नानचांग शहरात कारखान्यात होता. आवाज एवढा मोठा की त्या घरात शिंकल्या तर नदीच्या पायऱ्यांवर ऐकू यायचं. मी मडकं मागायला गेले तर त्या स्वतःच माझ्यामागे आल्या.

"तुला येतं का काढा करायला?"

"येतो की, काकू. पाणी घालायचं, उकळायचं."

"हं. म्हणजे भाजी करतेस तसा. आणि तुझी भाजी मी खाल्ली आहे." त्यांनी मला चुलीपासून बाजूला सारलं. "आधी भिजत घाल. अर्धी घटका तरी. मग मंद जाळ. तीन वाट्यांची एक वाटी झाली पाहिजे. आणि मधेच गप्पा मारायला उठलीस तर त्या वाटीची चमचाभर होईल, मग पोरीला काय कोळसा पाजशील?"

पेंग आजोबांच्या दुकानातून पुड्या आणल्या होत्या. जुनी संत्र्याची साल, भाजून काळसर केलेलं आंबट रानफळ, भाजलेले जवाचे कोंब. पेंग आजोबा गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं उभे होते. पुडी बांधताना म्हणाले होते, "याबरोबर कोंबडीच्या खड्यांच्या पिशवीतलं पिवळं कातडं मिळालं असतं तर दोन दिवसांत पोट मऊ झालं असतं. कोंबडी खडे पचवते, ते त्या कातड्याच्या जोरावर. पण आज ते माझ्याकडे नाही. कोंबड्याच कुठे उरल्यात?"

माझ्याकडे एक होती. गल्लीत तेवढीच. भुरी, एका डोळ्यानं आंधळी, एक दिवसाआड अंडं द्यायची. ते अंडं जुआनचं. तिला मारायचा विचार मी केला आणि सोडून दिला.

काढ्यानं जुआनला थोडा उतार पडला. चोथा मी गल्लीच्या कोपऱ्यावर रस्त्यात ओतायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं. आमच्याकडे लोक चोथा चुकवून जात नसत. कुणाचं तरी बरं होऊ दे म्हणून मुद्दाम पाय देऊन जात.

चौथ्या दिवशी कोंबडी दिसेना. मी लाकडांच्या ढिगाऱ्यामागे पाहिलं, नदीच्या पायऱ्यांवर पाहिलं, शेवाळलेल्या भिंतीवर चढून पलीकडच्या वाडीत डोकावले. नाहीच. त्यानंतर दोन दिवसांनी शाओ काकू आल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं.

"हे घे. तव्यावर जरा शेक, कुट, आणि भाताच्या पेजेतून दे. कडू नाही, पोरगी कुरकुर करणार नाही."

कागदात पिवळं कातडं होतं. सुरकुतलेलं, सोनेरी, सबंध.

"कुठून आणलंत, काकू?"

"तुला आंबे खायचे की झाडं मोजायची?" असं काहीतरी हसून म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांच्याकडे कोंबडी नव्हती. हे माझ्या डोक्यात तिथल्या तिथे आलं. तरी मी ते शेकलं. खलबत्त्यात घातलं तर पहिल्याच घावाला पातळ कौल फुटावं तसं कडकन तुटलं. मी भुकटी केली आणि जुआनला दिली. रात्री तिचं पोट वाजायला लागलं, आणि सकाळी तिनं आपण होऊन खायला मागितलं. मुलगी माझ्यासमोर बसून पेज खात होती, आणि मी मनात हिशेब लावत होते. कोंबडी माझी. खाल्ली काकूंनी. आणि उरलेलं कातडं उपकार म्हणून मलाच.

त्याच दिवशी नदीच्या पायऱ्यांवर सगळ्या कपडे धूत होत्या. शाओ काकू वरून पाटी घेऊन उतरत होत्या. मी पिळत असलेला कपडा तसाच हातात धरून म्हणाले, "काकू, रस्सा चांगला झाला होता का?"

"कसला रस्सा?"

"माझ्या कोंबडीचा. कातडं मला पाठवलंत, मग एखादी तंगडीही पाठवायची होती."

पायऱ्यांवरचं धोपटणं थांबलं. समोरच्या घरातली तांग वहिनी म्हणाली, "अगं म्याओयुन, काय बोलतेस?" मी थांबले नाही. आणखी बोलले. माणसाला एकटं राहायला लागलं की हात लांब होतात, असं बोलले. मुलगा शहरात असून आईला शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर दिवस काढावे लागतात, असंही बोलले. साठ वर्षं झाली, तरी त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्यासारखी बाई काही बोलत नाही हे पाहून सगळ्यांना वाटलं, म्हणजे खरं असणार. त्यांनी पाटी उचलली आणि कपडे न धुताच वर गेल्या.

मी घरी आले आणि जुआनची विजार बांबूवरून काढायला गेले. चार दिवसांपूर्वी धुतलेली. ती अजून ओलसर होती. त्या आठवड्यात ऊन पडलंच नव्हतं. भिंतींना पाणी सुटलं होतं, मिठाचा गोळा झाला होता. दोन-तीन दिवसांपूर्वी मारलेल्या कोंबडीचं कातडं असं कडकन तुटेल कसं? चुलीवर वाळवलं असतं तर काळवंडलं असतं, करपट वास आला असता. हे सोनेरी होतं. हे कुठल्या तरी जुन्या कोंबडीचं, कोरड्या हिवाळ्यात वाळवून, डब्यात जपून ठेवलेलं कातडं होतं. काकूंनी उपासमारीच्या वर्षांतही ते राखलं होतं, आणि माझ्या मुलीला दिलं होतं.

हे मला त्याच दुपारी कळलं. कधीतरी नंतर उलगडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पायऱ्यांवर त्या बायका अजून होत्या. पन्नास पावलं खाली उतरायची आणि चारचौघींत म्हणायचं, चुकलं माझं. मी विजार पुन्हा बांबूवर टाकली आणि भात लावला.

त्यानंतर आठ दिवसांनी नदीकाठच्या बोरूच्या पेंढ्यांखाली मला पिसं सापडली. भुरी पिसं, आणि मुंगसानं सोडलेला एक पाय. मी ती सगळी वेचून जाकिटाच्या आत लपवून घरी आणली आणि चुलीत घातली. जळक्या पिसांचा वास काही लपत नाही. सगळ्या गल्लीला गेला. शाओ काकूंची खिडकी माझ्या चुलीच्या भिंतीला लागून होती.

थंडीच्या सुरुवातीला काकूंचं पोट बिघडलं. आधी ढेकर. पायऱ्यांवर कपडे धुताना त्या मधेच थांबायच्या, छातीखाली मूठ दाबून धरायच्या, मग मोठ्ठा ढेकर यायचा. एकदा तांग वहिनीनं विचारलं, "काय खाल्लंत एवढं, काकू?"

काकू माझ्याकडे न बघता, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "म्याओयुनची कोंबडी आहे, बाई. दोन महिने झाले, अजून पचत नाही."

सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून कपडा घासत राहिले, घासता घासता त्याचा धागा निघाला. हसणाऱ्यांत एकीनंही मला काही म्हटलं नाही. त्या हसण्याचा मला राग आला, आणि तो राग माझ्या सोयीचा होता. आता त्यांनी माझी चारचौघींत फजिती केली, आता फिटलं, असं मी स्वतःला सांगितलं.

पण त्या वाळत चालल्या होत्या. जाकीट खांद्यांवरून ओघळायला लागलं. मग एके सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर चोथा पडलेला दिसला, आणि तो काळा होता. तपकिरी नव्हे, शाईसारखा निळसर काळा, आणि त्याच्याभोवतीचे दगडही काळे झाले होते.

काढा लोखंडाच्या कढईत केला होता. कारण मडकं माझ्या फळीवर होतं.

त्यांना माझ्या दारात येऊन स्वतःचंच मडकं मागावं लागलं असतं. त्या आल्या नाहीत. आणि मी ते नेऊन देऊ शकत नव्हते, कारण रीत तशी होती. आजारी बाईच्या दारात काढ्याचं मडकं घेऊन जायचं म्हणजे तू अशीच आजारी राहा असं सांगण्यासारखं. ही रीत त्या दिवसांत मी किती घट्ट धरली होती! एरवी मी असल्या गोष्टींना फारसं मानणारी नव्हते.

मी रोज सकाळी त्या काळ्या चोथ्यावर मुद्दाम पाय देऊन जायचे. दोन्ही पाय. तेवढ्यानं भागेल असं मला वाटत होतं.

एक दिवस मी बाजारातून आलं घेऊन येत होते, तर पेंग आजोबांनी हाक मारली.

"ए लूच्या घरचे, इकडे ये. तुमच्या गल्लीत शाई कोण उकळतंय?"

"शाई?"

"कोपऱ्यावर पाहिलं मी. होउपोच्या झाडाची साल, संत्र्याची साल, सुपारीचे काप. काप माझ्याच हातचे, ओळखले. शाओच्या बाईनं नेल्या आहेत पुड्या. सुपारी लोखंडात घालतं का कुणी? माझ्या बापानं दुकानात उभं केलं त्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट ही. औषधाचं पाणी झालं, आणि वर पोटात लोखंड." त्यांनी तराजूचा दांडा माझ्याकडे रोखला. "तिच्या सासूचं चांगलं मडकं होतं. ते कुठे गेलं?"

"मला काय माहीत, आजोबा."

"मग विचार की. भिंतीला भिंत आहे तुमची."

"विचारते."

घरी आले. मडकं फळीवर होतं, झाकणाच्या तांब्याच्या तारेवर धूळ बसली होती. मी धूळ पुसली. मग एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की आजही आठवली की मला गरम होतं. मडकं कुणीही मागून नेऊ शकतो. तांग वहिनीला नुसतं म्हणायचं, तू माझ्याकडून मागून ने. मग तिच्याकडून काकू मागून नेतील. रीतही मोडणार नाही, कुणाला वाकावंही लागणार नाही. गल्लीत असं कितीतरी वेळा झालं होतं. तांग वहिनी त्या वेळी दारातच शेंगा निवडत बसली होती.

मी बोलले नाही. कारण मला काकूंनी माझ्याकडेच यायला हवं होतं. त्या आल्या असत्या, मी मडकं दिलं असतं, वर चार आल्याचे तुकडे दिले असते, त्या काहीतरी खवचट बोलल्या असत्या, मी हसले असते, आणि सगळं मिटलं असतं. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. एवढ्यासाठी मी एका आजारी बाईला महिनाभर काळं पाणी प्यायला लावलं.

नववर्षाच्या आधी त्यांचा मुलगा आला आणि त्यांना नानचांगला न्यायचं ठरलं. सकाळच्या बोटीनं. नदीवर धुकं होतं. तो त्यांना पाठीवर घेऊन पायऱ्या उतरला, त्या त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून होत्या, लहान मुलीसारख्या. गल्लीतल्या सगळ्या आल्या होत्या. कुणी उकडलेली अंडी दिली, कुणी संत्री. मी रिकाम्या हातांनी गेले होते.

मुलगा बोटवाल्याशी बोलायला वळला आणि काकू पायरीवर बसल्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्याच पायऱ्या होत्या, त्याच बायका होत्या. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "काकू, ते कातडं कोरडं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे आत गेले होते, पण नजर जुनीच होती.

"काय? मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही मला."

त्यांना ऐकू आलं होतं. त्यांचे कान तांग वहिनीच्या घरातली भांडणं गल्लीपलीकडून ऐकायचे. तांग वहिनी दोन पायऱ्या वर उभी होती, सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. आरोप मी सगळ्यांना ऐकू जाईल असा केला होता. कबुली मात्र मला कानातच द्यायची होती. मी तोंड उघडलं. आणि मोठ्यानं, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, तुमचं मडकं माझ्याकडे आहे."

काकू मूठ छातीखाली दाबून म्हणाल्या, "असू दे. लागलं की येईन न्यायला."

मुलानं त्यांना उचललं. बोट धुक्यात गेली तरी भोंगा बराच वेळ ऐकू येत होता.

पुढच्या वसंतात मुलाचं पत्र आलं, काकू गेल्याचं. तांग वहिनीनं ते दारात उभं राहून वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जठरात गाठ होती, फार दिवसांची. काढ्यानं ती जाण्यातली नव्हती. वाचून झाल्यावर तांग वहिनीनं पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मडकं असतं तरी काही झालं नसतं."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं मला दिलासा द्यायला म्हटलं असेल. पण महिनाभर काकूंच्या पोटात कळ येत होती, आणि चांगल्या काढ्यानं ती थोडी तरी शमली असती, रात्री चार तास झोप लागली असती. गाठ गेली नसती म्हणून झोपही नकोच होती, असं थोडंच आहे?

त्यानंतर गल्लीत कुणी माझ्याकडे ते मडकं मागायला आलं नाही. लोकांनी दुसरं कुठूनतरी, दुसऱ्या गल्लीतून आणलं. घरं पाडली तेव्हा मी ते कपड्यांत गुंडाळून इथे पाचव्या मजल्यावर आणलं. जुआन आता चौसष्ट वर्षांची आहे, तिला पोट फुगण्याचा त्रास अजून होतो. ती पाकिटातली भुकटी गरम पाण्यात ढवळून पिते. त्यातही संत्र्याची साल आहे, तेच भाजलेले जवाचे कोंब आहेत, पण वास काहीच येत नाही.

गेल्या आठवड्यात ती नववर्षाची साफसफाई करत होती. कपाटाच्या तळातून मडकं काढून म्हणाली, "आई, हे काय जपून ठेवलंयस? झाकण तारेनं बांधलेलं. टाकू का?"

"टाकू नकोस. मागून आणलेलं आहे."

"कुणाकडून? मग परत देऊन टाक की."

"परत द्यायचं नसतं. ज्याचं असतं तो येतो न्यायला."

"इतक्या वर्षांनी कोण येतंय?" ती हसली आणि पुसून पुन्हा आत ठेवलं.

तिचं पोट कुणाच्या कातड्यानं बरं झालं होतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. शाओ काकू कोण होत्या, हेही नाही. पायऱ्यांवरच्या बायका सगळ्या गेल्या, तांग वहिनी गेली, त्यालाही अकरा वर्षं झाली. आता कुणाला ऐकू जाईल याची भीती नाही, तरी हे लिहिताना मी दार लावून घेतलं होतं. आत्ता उठून उघडलं. जुआन स्वयंपाकघरात आहे. हे लिहून झालं की मी तिला बोलावणार आहे आणि वाचून दाखवणार आहे, मोठ्यानं.